शंभरातले छत्तीस
(फँटसी फुटबॉलमधील आरंभीच्या भांडवलाचा एक अभ्यास)

बी. ए. द्वितीय वर्ष (अर्थशास्त्र)

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आपण सर्वांनी रॉबिन्सची व्याख्या पाठ केलेली असते. गरजा अमर्याद, साधने मर्यादित आणि त्या साधनांचे उपयोग मात्र अनेक. यांतून निवड कशी करायची याचा विचार करणारे शास्त्र म्हणजे अर्थशास्त्र, असा तिचा आशय. लायोनेल रॉबिन्स यांनी ही मांडणी 1932 साली केली. परीक्षेत या प्रश्नाला गुण चांगले मिळतात, परंतु व्याख्या लिहून झाली की ती वहीतच राहते. ती मला समजली एका खेळामुळे. त्या खेळाचे नाव फँटसी फुटबॉल.

खेळ आणि अभ्यास ही जोडी काही वाचकांना विजोड वाटेल. शिवाय आपल्या गोरेगावात फुटबॉलपेक्षा क्रिकेट आणि कबड्डी यांचाच बोलबाला अधिक. तथापि या खेळात चेंडूला पाय लावावा लागत नाही. हाती ठरावीक भांडवल असते, बाजारात शेकडो खेळाडूंच्या किमती लागलेल्या असतात आणि त्या भांडवलात एक संघ उभा करायचा असतो. म्हणजे हा मुख्यतः अंदाजपत्रकाचा खेळ आहे. आरंभीचे भांडवल कसे वापरावे, त्यात कोणत्या चुका होतात आणि त्यांतून आपण काय शिकावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

खेळाचे स्वरूप

या प्रकारच्या खेळाची सुरुवात फुटबॉलपासून झाली नाही. अमेरिकेत 1980 साली डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने आपल्या मित्रांसह बेसबॉलचा असा एक डाव मांडला. प्रत्येकाजवळ 260 डॉलर आणि तेवढ्यांत खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ विकत घ्यायचा, असा नियम होता. इंग्लंडमध्ये 1991 साली अँड्र्यू वेनस्टीन यांनी हीच कल्पना फुटबॉलला लावली. पुढे वृत्तपत्रांनी ती उचलली आणि 2002 पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगने स्वतःचा अधिकृत खेळ सुरू केला. तो खेळण्यास प्रवेश शुल्क नाही. लेखात पुढे जी आकडेमोड केली आहे ती याच खेळाची आहे.

नियम थोडक्यात असे. प्रत्येक खेळणाऱ्याला 100 दशलक्ष पौंड मिळतात. हे पौंड अर्थात कागदोपत्रीच असतात. म्हणून आपण त्यांना नुसते 100 एकक म्हणू. तेवढ्यांत 15 खेळाडू घ्यायचे : 2 गोलरक्षक, 5 बचावपटू, 5 मध्यरक्षक आणि 3 आघाडीपटू. एका क्लबचे तीनपेक्षा अधिक खेळाडू घेता येत नाहीत. पंधरांतून दर आठवड्याला अकरा मैदानात उतरवायचे, चार राखीव ठेवायचे. अकरांतील एखादा त्या आठवड्यात खेळलाच नाही, तर राखीव खेळाडू त्याच्या जागी आपोआप येतो.

गुण प्रत्यक्ष सामन्यांवरून मिळतात. साठ मिनिटे किंवा अधिक खेळला तर 2 गुण. गोल केला तर आघाडीपटूला 4, मध्यरक्षकाला 5 आणि बचावपटूला 6. गोलास साहाय्य केले तर 3. संघाने गोल खाल्ला नाही तर गोलरक्षक व बचावपटू यांना प्रत्येकी 4. पिवळे कार्ड मिळाले की 1 गुण वजा, लाल मिळाले की 3 वजा. जो खेळाडू आपण कर्णधार नेमतो, त्याचे गुण दुप्पट होतात.

दर आठवड्याला एक खेळाडू फुकट बदलता येतो. न वापरलेला बदल शिल्लक राहतो. 2024–25 च्या हंगामापासून असे पाच बदल साठवता येतात. त्याहून जास्त बदल हवे असतील तर प्रत्येकी 4 गुण कापले जातात. हा शेवटचा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्याशी निगडित आहे.

शंभर म्हणजे प्रत्यक्षात किती?

नवीन खेळणारा प्रथम मोठी नावे पाहतो. शंभर एकक हाती आहेत, सर्वांत महाग खेळाडू चौदाला आहे, मग असे तीन-चार सहज बसतील असे त्याला वाटते. मीही असाच विचार केला होता. पहिल्या प्रयत्नात मी तीन महागडे खेळाडू घेतले आणि उरलेल्या पैशांत कसेबसे बारा जण भरले. त्या बारांपैकी काही जण आपापल्या क्लबमधूनही मैदानात उतरत नव्हते, हे मला नंतर कळले. महिन्याभरात माझे दोन महागडे खेळाडू जखमी झाले आणि आमच्या सहा मित्रांच्या गटात मी सहावा आलो.

चूक कोठे झाली ते वही-पेन घेऊन बसल्यावर समजले. या खेळात प्रत्येक जागेची एक किमान किंमत असते. बहुतेक हंगामांत सर्वांत स्वस्त गोलरक्षक आणि बचावपटू 4.0 ला मिळतात, सर्वांत स्वस्त मध्यरक्षक आणि आघाडीपटू 4.5 ला. आता पंधराही जागा सर्वांत स्वस्त खेळाडूंनी भरल्या तर खर्च किती येतो ते पाहू.

2 गोलरक्षक × 4.0 = 8.0
5 बचावपटू × 4.0 = 20.0
5 मध्यरक्षक × 4.5 = 22.5
3 आघाडीपटू × 4.5 = 13.5
एकूण = 64.0

म्हणजे शंभरांपैकी चौसष्ट एकक आधीच बांधलेले आहेत. ते कोणालाही चुकत नाहीत. खेळणाऱ्याच्या मर्जीचे असे फक्त छत्तीस उरतात. खरी निवड, खरे कौशल्य आणि खरी चूक हे सगळे या छत्तीसांत घडते. ज्याला आपल्याजवळ शंभर आहेत असे वाटते, त्याच्या हातून छत्तीस केव्हा संपले ते त्याला कळत नाही.

माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे. हातातील एकूण रक्कम पाहून बेत करू नये. अपरिहार्य खर्च वजा करून जे उरते ते पाहून करावा. घर चालवणाऱ्या प्रत्येक आईला हे ठाऊक असते. आम्हां विद्यार्थ्यांना मात्र ते आकडे मांडून शिकावे लागते.

छत्तीसांची वाटणी

आता एक पूर्ण झालेला हंगाम उदाहरणादाखल घेऊ. 2023–24 च्या आरंभी मँचेस्टर सिटीचा आघाडीपटू अर्लिंग हालांड 14.0 ला होता आणि लिव्हरपूलचा मोहम्मद सालाह 12.5 ला. सालाह खेळात मध्यरक्षक गणला जात होता. किमान किमतीपेक्षा हालांडसाठी 9.5 आणि सालाहसाठी 8.0 जादा मोजावे लागत. दोघे मिळून 17.5. छत्तीसांतून ते वजा केले की 18.5 उरतात.

चार राखीव खेळाडू किमान किमतीचेच ठेवले असे समजू. मग अकरांपैकी उरलेल्या नऊ जणांत 18.5 वाटायचे; प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे दोन एकक येतात. म्हणजे ते नऊ जण साधारण 6.0 ते 6.5 किमतीचे असतील. अशा किमतीत नियमित खेळणारे, अधूनमधून गोल करणारे चांगले खेळाडू मिळतात. हा संघ चालण्यासारखा आहे.

आता तिसरा महाग खेळाडू घेऊन पाहू. त्या वर्षी मँचेस्टर सिटीचाच केव्हिन डी ब्रॉयना 10.5 ला होता. त्याच्यासाठी 6.0 जादा लागतात. मग आठ जणांसाठी 12.5 उरतात, म्हणजे प्रत्येकी दीड एककाच्या आसपास. एक खेळाडू सुधारण्यासाठी आठ खेळाडू प्रत्येकी अर्ध्या एककाने खाली आले. पुस्तकात ज्याला संधी-खर्च म्हणतात तो हाच. तिसऱ्या मोठ्या नावाची किंमत 10.5 एवढीच दिसते. ती इतर आठ जागांवरही मोजावी लागते हे दिसत नाही.

शिवाय 11 ऑगस्ट 2023 रोजी हंगामाच्या पहिल्याच सामन्यात डी ब्रॉयना जखमी झाला आणि जानेवारीपर्यंत मैदानाबाहेर राहिला. दुखापत कोणालाही आधी सांगता येत नाही, त्यामुळे त्याला घेणारे मूर्ख होते असे म्हणता येणार नाही. मात्र आपले भांडवल थोड्या ठिकाणी एकवटले की एकेका अपघाताचा धक्का मोठा बसतो, एवढे यावरून खात्रीने म्हणता येते.

स्वस्त कोण आणि महाग कोण?

खेळाडूची किंमत योग्य आहे की नाही हे ठरवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे त्याचे एकूण गुण भागिले त्याची किंमत. 2023–24 मध्ये हालांडने 217 गुण मिळवले, 14.0 ने भागले तर प्रत्येक एककामागे साडेपंधरा गुण पडतात. त्याच हंगामात चेल्सीच्या कोल पामरने 244 गुण मिळवले आणि त्याची आरंभीची किंमत होती फक्त 5.0. म्हणजे एककामागे जवळजवळ 49 गुण. याआधी 2015–16 साली लेस्टर सिटीने सर्वांना चकित करून लीग जिंकली, तेव्हा रियाद महरेझने 5.5 च्या किमतीत 240 गुण मिळवले होते आणि जेमी वार्डीने 6.0 च्या किमतीत 211.

हे आकडे पाहून महाग खेळाडू घेऊच नयेत असा निष्कर्ष कोणी काढील. मीही दुसऱ्या प्रयत्नात तोच काढला आणि पुन्हा फसलो. कारण असे. समजा, 4.0 किमतीचा एक बचावपटू वर्षभरात 80 गुण मिळवतो. भागाकार केला तर एककामागे 20 गुण, म्हणजे हालांडपेक्षा सरस. परंतु अशा किमतीच्या अकरा जणांना घेऊन पुष्कळ पैसे शिल्लक राहिले, तर त्या शिल्लक पैशांना गुण मिळत नाहीत. मैदानात जागा अकराच आहेत. जागाही पैशाइतकीच दुर्मिळ आहे, हे नुसत्या भागाकारात येत नाही. शिवाय कर्णधाराचे गुण दुप्पट होतात आणि कर्णधार होण्याजोगे खेळाडू बहुधा महागच असतात.

म्हणून मी दुसरी रीत वापरू लागलो. किमान किमतीचा खेळाडू त्या जागेवर वर्षभरात समजा 40 गुण मिळवील, असे गृहीत धरायचे. मग पाहायचे की किमान किमतीच्या वर मोजलेल्या प्रत्येक एककामागे या चाळिसांच्या वर किती गुण मिळाले. या रीतीने हालांडचे 177 जादा गुण 9.5 जादा एककांना पडले, म्हणजे एककाला साडेअठरांहून थोडे अधिक. सालाहने 2024–25 च्या हंगामात 344 गुण मिळवले. तो या खेळाच्या इतिहासातील उच्चांक ठरला. त्याची किंमत तेव्हाही 12.5 च होती. त्याचे 304 जादा गुण आठ एककांना पडले, म्हणजे एककाला 38. इतका महाग खेळाडूही त्या वर्षी स्वस्तच म्हटला पाहिजे.

यावरून दिसते की किमतीच्या आकड्यावरून कोणी स्वस्त वा महाग ठरत नाही. त्या जागेवर दुसरा कोण मिळाला असता आणि वाचलेल्या पैशांतून दुसरीकडे काय साधले असते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून ते ठरते. बाजारही शहाणा असतो. 5.0 ला मिळालेल्या पामरची किंमत पुढच्या हंगामात एकदम 10.5 झाली. त्या वर्षी त्याने 214 गुण मिळवले. खेळ जवळपास तोच, पण स्वस्ताई संपली होती. गेल्या वर्षी जे फायद्याचे होते तेच यंदा डोळे मिटून करणाऱ्याची फसगत होते. ज्या पिकाला गेल्या वर्षी भाव होता तेच सर्वांनी पेरले की काय होते, हे आपल्याकडे शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

दुबार पेरणीचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पामरचे उदाहरण पाहून वाटेल की आरंभीच त्याला घेणारा शहाणा. परंतु वस्तुस्थिती अशी की ऑगस्ट 2023 मध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा तो मँचेस्टर सिटीत होता आणि तेथे त्याला नियमित जागा मिळण्याची खात्री नव्हती. 1 सप्टेंबर 2023 रोजी तो चेल्सीत गेला आणि त्यानंतर त्याचा खेळ बहरला. म्हणजे त्या हंगामातील सर्वांत मोठा फायदा आरंभीच्या निवडीत नव्हताच. तो नंतर आला. ज्यांच्याजवळ त्या वेळी बदल करण्याची सोय होती त्यांना तो घेता आला. जे आपले जखमी खेळाडू बदलण्यातच आठवडे घालवत होते त्यांना थांबावे लागले, किंवा 4 गुण मोजावे लागले.

येथे एक घरगुती प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. माझ्या वडिलांना फुटबॉल ठाऊक नाही. एके रात्री मी वहीत हिशेब मांडत बसलो होतो, तेव्हा त्यांनी काय चालले आहे म्हणून विचारले. मी समजावून सांगितले की इतके पैसे, इतके गडी, पैसे पूर्ण वापरून झाले. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, “सगळंच पेरून टाकलंस का रे? नाही उगवलं तर दुबार पेरणीला काय ठेवलंस?”

मी म्हणालो, “बाबा, यात पैसे शिल्लक ठेवले तर त्याचे गुण मिळत नाहीत.”

“पाऊस गेला म्हणजे घरात ठेवलेल्या बियाण्याची किंमत कळते,” ते म्हणाले आणि झोपायला गेले.

आमच्याकडे खरिपात सोयाबीन असते. पहिल्या पावसावर पेरणी होते, मग पावसाने ओढ दिली की उगवण होत नाही. अशा वेळी ज्याने बियाणे, खत, मजुरी यांत सगळी रक्कम घातलेली असते त्याला सावकाराच्या दारात जावे लागते. ज्याने थोडे राखून ठेवलेले असते तो दुसऱ्यांदा पेरतो. राखून ठेवलेल्या त्या पैशाचे उत्पन्न चांगल्या वर्षी शून्य असते. तरीही शहाणा शेतकरी ते राखतो.

वडिलांचा प्रश्न मी खेळाला लावून पाहिला, तेव्हा राखीव तीन प्रकारची असू शकते असे दिसले. पहिली, नुसती शिल्लक. अर्धा किंवा एक एकक हाती राहिले तर पुढे 6.0 च्या जागी 6.5 चा खेळाडू एकाच बदलात घेता येतो. नाहीतर दोन बदल करावे लागतात. दुसरी राखीव बाकावरची. चार राखीव खेळाडूंपैकी निदान दोन असे असावेत की जे आपल्या क्लबकडून नियमित खेळतात. किमान किमतीपेक्षा अर्धे एकक जादा पडले तरी एखाद्या दुखापतीच्या आठवड्यात तो खेळाडू दोन-तीन गुण देतो आणि मुख्य म्हणजे घाईने बदल करण्याची वेळ येऊ देत नाही. तिसरी राखीव बदलांची. फुकटचा बदल आहे म्हणून दर आठवड्याला तो वापरलाच पाहिजे असे नाही. तो साठवला तर गरजेच्या वेळी एकदम दोन-तीन बदल विनामूल्य करता येतात.

जादा बदलाचे 4 गुण कमी वाटतात, पण ते आघाडीपटूच्या एका संपूर्ण गोलाएवढे आहेत. नवा खेळाडू जुन्यापेक्षा आठवड्याला सरासरी एक गुण जास्त देणार असेल तर ते कर्ज फिटायला चार आठवडे लागतात. तोवर तो जखमी झाला तर मुद्दलही बुडते. हे व्याजाचेच गणित आहे.

विक्रीचा नियमही ध्यानात घेण्यासारखा आहे. खेळाडूची किंमत वाढली तर वाढीच्या निम्मीच आपल्याला मिळते आणि तीही खालच्या दशांशापर्यंत. 5.0 ला घेतलेला खेळाडू 5.3 झाला तर विकताना 5.1 च हाती येतात. म्हणून केवळ भाववाढीच्या आशेने खरेदी-विक्री करीत राहणे फारसे लाभदायक नसते. मात्र किंमत घसरली तर ती घट पूर्णपणे आपल्याच माथी येते.

आपल्याकडील दोन लिलाव

हे सगळे काल्पनिक संघांपुरतेच आहे, असे कोणी म्हणेल. परंतु खऱ्या पैशांनी खरे संघ बांधतानाही हाच प्रश्न उभा राहतो. 10 जुलै 2015 रोजी मुंबईत इंडियन सुपर लीगसाठी काही भारतीय फुटबॉलपटूंचा लिलाव झाला. त्यात सर्वांत जास्त बोली सुनील छेत्रीवर लागली. मुंबई सिटीने त्याला 1 कोटी 20 लाख रुपयांना घेतले. त्या खालोखाल युजीनसन लिंगडोह याला पुणे सिटीने 1 कोटी 5 लाखांना घेतले. लिलावातील दोन सर्वांत महाग खेळाडू महाराष्ट्रातील दोन संघांकडे आले. हंगाम संपला तेव्हा आठ संघांत मुंबई सहावी आणि पुणे सातवे होते. उपान्त्य फेरी दोघांनाही गाठता आली नाही. विजेतेपद चेन्नईच्या संघाने मिळवले.

यात छेत्रीचा दोष काढणे अन्यायाचे होईल. त्याने त्या हंगामात सात गोल केले, एका सामन्यात तीन गोल करण्याचा पराक्रमही केला. आपल्या किमतीचे काम त्याने केले, पण एका खेळाडूने उरलेल्या दहा जागा भरून निघत नाहीत. अर्थात संघ हरण्याची कारणे अनेक असतात, एकट्या लिलावाने सर्व ठरत नाही. तरीही मोठी बोली म्हणजे मोठा संघ नव्हे, हे येथे स्पष्ट दिसते.

क्रिकेटमधील उदाहरण वाचकांना अधिक जवळचे वाटेल. 20 फेब्रुवारी 2008 रोजी इंडियन प्रीमियर लीगचा पहिला लिलाव मुंबईतच झाला. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा 50 लाख डॉलर होती. चेन्नईने महेंद्रसिंग धोनीसाठी 15 लाख डॉलर मोजले. राजस्थानने मात्र हात आखडता घेतला. सव्वा लाख डॉलरचा शेन वॉटसन त्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरला, एक लाख डॉलरच्या सोहेल तन्वीरने सर्वाधिक 22 बळी घेतले आणि गोव्याचा स्वप्निल अस्नोडकर सलामीला येऊन गाजला. 1 जून 2008 रोजी नवी मुंबईत अंतिम सामना झाला. त्यात राजस्थानने चेन्नईला तीन गडी राखून हरवले. परंतु हेही विसरू नये की पंधरा लाखांच्या धोनीचा संघ अंतिम सामन्यापर्यंत आला होता. म्हणजे महाग घेऊन बाकीचे नीट भरणारा आणि स्वस्तात पारखून घेणारा, असे दोघेही वर आले. मार्ग दोन असू शकतात. हिशेब मात्र दोन्हींत लागतो.

खोटे शंभर आणि खरे तीस

येथवर मी या खेळाची बाजू मांडली. आता दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे. असे खेळ आपल्या देशातही पसरले. 2008 साली हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी मुंबईत ड्रीम इलेव्हन सुरू केली. तेथेही अकरा खेळाडू आणि 100 एकक असाच हिशेब होता. पुढे पैसे भरून खेळायच्या स्पर्धा देशभर अनेक ॲपांवर चालू झाल्या. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यास व त्यांची जाहिरात करण्यास मनाई केली. त्यानंतर कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या.

कायदा होण्यापूर्वी, प्रथम वर्षाला असताना, मीही अशा एका ॲपवर खेळलो. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष माझा होता. दर वेळी फक्त 30 रुपये लागत. तीस रुपये म्हणजे चहा-नाश्ता. असे वीस वेळा झाले आणि 600 रुपये गेले. ते परीक्षा शुल्कासाठी घरून आणलेले होते. दोन वेळा थोडे जिंकलोही. त्या जिंकण्यानेच पुढचे अठरा डाव खेळवले. शेवटी एका मित्राकडून उसने घेऊन शुल्क भरले आणि सुटीत रोजंदारीने हळद काढायला जाऊन ते फेडले. घरी हे मी सांगितले नव्हते. हा लेख छापून येईल तेव्हा कळेल, आणि ते कळावे अशी माझी इच्छा आहे.

दोन्ही खेळांत संघ निवडण्याची रीत जवळपास सारखीच, मग फरक काय? फरक भांडवलाचा आहे. फुकटच्या खेळात 100 एकक सर्वांना सारखेच मिळतात आणि हरलो तरी पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर्ण 100 मिळतात. तेथे चूक ही शिकवणी असते. खऱ्या पैशांच्या डावात आरंभीचे भांडवल सर्वांचे सारखे नसते. ज्याच्या घरी पगार येतो त्याचे तीस रुपये आणि ज्याच्या घरी पीक विकल्यावरच पैसा येतो त्याचे तीस रुपये आकड्याने सारखे असले तरी वजनाने सारखे नसतात. सीमांत उपयोगितेचा सिद्धांत आपण हेच सांगतो. शिवाय सगळ्यांनी भरलेल्या रकमेतून चालवणारा आपला हिस्सा आधी काढून घेतो. म्हणून सर्व खेळणारे मिळून पाहिले तर तोटाच ठरलेला असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माझे ते सहाशे रुपये मर्जीच्या छत्तीसांतले नव्हते. ते बांधलेल्या चौसष्टांतले होते.

समारोप

या अभ्यासातून जे हाती लागले ते थोडक्यात असे. आरंभीच्या भांडवलातून आधी अपरिहार्य खर्च वजा करावा. उरलेल्यातून एक-दोन मोठ्या गोष्टी जरूर घ्याव्यात, पण तिसरी घेताना ती इतर किती जागा पोकळ करते ते मोजावे. किमतीवरून स्वस्त-महाग ठरवू नये. थोडे राखून ठेवावे, कारण हंगामातील सर्वांत चांगली संधी बहुधा हंगाम सुरू झाल्यावर येते. आणि जे पैसे आपल्या मर्जीचे नाहीत ते कोणत्याही डावात लावू नयेत.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. मला येथे पाठवताना घरच्यांनी आपल्या छत्तीसांतला फार मोठा भाग माझ्यावर लावला आहे, हे मला हा हिशेब मांडताना उमगले. आमच्यासारख्या घरांत दुबार पेरणीला फारसे काही उरत नाही. म्हणून मित्रांनो, खेळ अवश्य खेळावा, त्यातून गणित शिकावे, वाद घालावेत, हरावे आणि पुन्हा मांडणी करावी. फक्त वही कोणाची आणि पैसा कोणाचा, एवढे विसरू नये.

यंदा आमच्या सहा जणांच्या गटात मी दुसरा आहे. माझ्या संघात एक महागडा खेळाडू आहे, बाकावरचे तिघे नियमित खेळणारे आहेत आणि शिल्लक 0.5 आहे. वडील अधूनमधून विचारतात, “बियाणं आहे ना घरात?” मी होय म्हणतो.